तपास अधिकाऱ्याचं वेड तपासात दिसू द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुमची कादंबरी नाशिक ग्रामीणमधल्या एका पोलीस निरीक्षकाची आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर, चांदवड सोडून मालेगावकडे जाताना लागणाऱ्या ढाब्यांवर, रात्री ट्रकखाली किंवा ट्रकशेजारी सतरंजी टाकून झोपणाऱ्या क्लीनर पोरांचे खून होताहेत. निरीक्षकाला त्या खुन्याचं वेड लागतं. तो झोपत नाही, दारू वाढते, बायको माहेरी निघून जाते, घरातली एक भिंत फोटोंनी आणि लाल दोऱ्यांनी भरते. आणि तरीही ज्यांना ज्यांना तुम्ही खर्डा वाचायला दिलात ते म्हणतात, ‘बिचारा वाटतो, पण त्याची भीती वाटत नाही.’ तर त्याचं वेड आणखी गडद कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत असं की ते गडद करू नका. आहे तेच पुष्कळ झालंय. अडचण वेगळी आहे. तुमच्या खर्ड्यात वेडाची सगळी किंमत निरीक्षक स्वतःच मोजतोय. दारू त्याची, जागरण त्याचं, मोडलेला संसार त्याचा. तपास मात्र तुम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चोख ठेवलाय. तो जे जे ओळखतो ते बरोबर निघतं, ज्याच्यावर संशय घेतो तो संशय रास्त असतो, वरिष्ठ अडवतात ते मूर्ख म्हणून अडवतात. म्हणजे वाचकाच्या दृष्टीने या माणसाचं वेड ही एक उपयोगी गोष्ट आहे, फक्त तब्येतीला वाईट. असं वेड पाहून वाचक हळहळेल, पण पान उलटताना त्याच्या छातीत धडधड होणार नाही. धोका तेव्हा सुरू होतो जेव्हा वेड तपासात शिरतं आणि त्याची किंमत दुसरंच कुणी मोजायला लागतं.

मी बरीच वर्षं रहस्यकथा आणि पोलिसी कादंबऱ्या लिहितेय, इतरांच्या संपादितही करते, आणि या एका जागी अडकलेले खर्डे माझ्याकडे सतत येत असतात. त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते.

आधी हे सांगायला हवं की उत्तराचा बराचसा भाग तुमच्या कादंबरीच्या जातकुळीवर ठरेल. खुनी कोण हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असेल, तर निरीक्षक चुकतोय हे वाचकाला त्याच्या आधी कळेल आणि ताण त्यातून येईल. माहीत नसेल, तर वाचकाने निरीक्षकाबरोबरच चुकायला हवं, आणि हे जास्त अवघड काम आहे. काळ कुठला घेता यावरही फरक पडतो. ऐंशीच्या दशकात कादंबरी घडत असेल तर खबरी, कागद आणि पायपीट. आज घडत असेल तर टोलनाक्याचं सीसीटीव्ही, मोबाईलचे सीडीआर म्हणजे कॉलच्या नोंदी, फास्टॅगच्या नोंदी, डीएनए. आजच्या काळात ‘फक्त मलाच दिसतंय’ असं म्हणणारा अधिकारी उभा करायला जास्त कारणं द्यावी लागतात. तुम्ही काळ लिहिलेला नाही, पण वर्णनावरून आजचाच वाटतो, म्हणून मी आजचाच धरून चालते.

आता एक खरा तपास सांगते. आपल्या इथला नाही, इंग्लंडमधला आहे, पण या विषयावर यापेक्षा जास्त शिकवणारं उदाहरण मला माहीत नाही. १९७५ ते १९८० या काळात यॉर्कशायर आणि आसपासच्या भागात एका माणसाने १३ बायकांचे खून केले. तपासाची सूत्रं वेस्ट यॉर्कशायर पोलिसांतले असिस्टंट चीफ कॉन्स्टेबल जॉर्ज ओल्डफील्ड यांच्याकडे होती. अनुभवी, कष्टाळू माणूस. १९७८ पासून त्यांना ‘जॅक’ अशा सहीची पत्रं येऊ लागली, आणि जून १९७९ मध्ये एक कॅसेट आली. कॅसेटमधला माणूस त्यांना नावाने हाक मारत होता, मला पकडणं तुम्हाला जमत नाहीये म्हणून डिवचत होता. बोलण्याची ढब ईशान्येकडच्या संडरलंड परिसराची होती.

ओल्डफील्डना ते मनाला लागलं. पुढचा तपास त्या आवाजाच्या मागे गेला. आवाज रेडिओवर आणि टीव्हीवर वाजवला, लोकांना फोन करून तो ऐकता येईल अशी सोय केली, जाहिरातींवर अफाट पैसा ओतला. आणि संशयितांना वगळण्याची एक चाळणी तयार झाली: ज्याची बोली तशी नाही, तो आपला माणूस नाही. हल्ल्यातून वाचलेल्या बायकांपैकी काहींनी हल्लेखोराची बोली इथलीच होती असं सांगितलं होतं. ते मागे पडलं.

खुनी होता पीटर सटक्लिफ, ब्रॅडफर्डचा ट्रक ड्रायव्हर. या तपासात पोलिसांनी त्याची ९ वेळा चौकशी केली होती. त्यातली एक कॅसेट आल्यानंतर सुमारे दीड महिन्यानेच झाली होती. चौकशीला गेलेल्या तरुण पोलिसाला हा माणूस खटकला, संशयिताच्या चित्राशी चेहरा जुळतोय असं वाटलं, तसा अहवालही त्याने दिला. अहवाल फायलीत गेला, कारण बोली आणि अक्षर जुळत नव्हतं. कॅसेटनंतर सटक्लिफने आणखी ३ बायकांना मारलं. ओल्डफील्डना १९७९ मध्येच हृदयविकाराचा झटका आला, १९८० च्या नोव्हेंबरात तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि १९८५ मध्ये ते वारले. सटक्लिफ सापडला २ जानेवारी १९८१ ला शेफील्डमध्ये. गस्तीवरच्या पोलिसांनी गाडीची नंबरप्लेट खोटी आहे म्हणून त्याला हटकलं. तो लघवीच्या निमित्ताने बाजूला गेला होता हे आठवून त्यातला सार्जंट दुसऱ्या रात्री त्या जागी परत गेला, तेव्हा तिथे हातोडा आणि सुरी मिळाली. आणि ती कॅसेट पाठवणारा? त्याचा खुनांशी काडीचाही संबंध नव्हता. पाकिटाच्या डिंकावरच्या लाळेतून डीएनए काढून २००५ मध्ये त्याला धरलं, २००६ मध्ये ८ वर्षांची शिक्षा झाली.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं की ओल्डफील्ड रात्री किती पीत होते किंवा किती वाजता झोपत होते, याने एकही बाई दगावली नाही. वेड एका चाळणीच्या रूपात कागदावर उतरलं, त्या चाळणीतून खरा माणूस खाली पडला, आणि त्याचा भुर्दंड ज्यांनी ती कॅसेट कधी गांभीर्याने ऐकलीही नसेल अशा तिघींनी भरला. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ओल्डफील्ड खुन्याच्या मागे नव्हतेच. ते स्वतःच्या मनातल्या खुन्याच्या मागे होते. त्यांना हाक मारणारा, त्यांना आव्हान देणारा, त्यांना आपल्या बरोबरीचा मानणारा माणूस. खऱ्या खुन्याला ओल्डफील्ड या माणसात काही रस होता असं कुठे दिसत नाही.

तुमच्या निरीक्षकाच्या मनातला खुनी कसा आहे हे तुम्ही स्वतःसाठी एका पानावर लिहून काढा. खरा खुनी कसा आहे ते दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं सारखी निघाली तर तुमच्याकडे अजून कादंबरी नाही, नुसता पाठलाग आहे. फरक किती, कुठे, आणि तो फरक ठेवण्यात निरीक्षकाचा काय स्वार्थ आहे, यात कादंबरी आहे. तुमच्या खर्ड्यात निरीक्षकाला ठाम वाटतं की खुनी हा हुशार, शिकलेला, नकाशे वाचणारा माणूस आहे. तसं वाटण्याची त्याला गरज का पडते? मला सुचतं ते हे: अशा माणसाला वर्षभर पकडता न येण्यात कमीपणा नसतो. उद्या तो खुनी टायर पंक्चर काढणारा, धड दोन वाक्यं न बोलणारा माणूस निघाला तर या अधिकाऱ्याचं काय होईल, याचा विचार करा.

आपल्याकडचा रामन राघव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९६८ चा मुंबईचा पावसाळा. उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं डोक्यात घाव घालून मारली जात होती, तपास गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली चालला होता. आधीच्या वर्षांतल्या तशाच हल्ल्यांच्या वेळी हा माणूस पोलिसांच्या हाती लागून पुराव्याअभावी सुटलेला होता, त्यामुळे नोंदीत त्याचा फोटो होता. २७ ऑगस्टला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला रस्त्यात त्या फोटोवरून ओळखलं. पकडल्यावर तो काही बोलेना. बोलला ते कोंबडीचं जेवण मागून, ते मिळाल्यावर. शहराने ज्याला चेटक्या समजून रात्री जागून काढल्या, तो समोर बसून चिकन मागत होता. सेशन्स कोर्टाने त्याला फाशी सुनावली. पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीत तो गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त असल्याचं निष्पन्न झालं, आणि १९८७ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. त्या प्रकरणात बुद्धिबळाच्या पटाच्या दोन बाजूंना बसलेले दोन बुद्धिमान पुरुष नव्हते. एका बाजूला चिकाटीचा तपास आणि दुसऱ्या बाजूला एक आजारी, धोकादायक माणूस होता. कुलकर्णींच्या पथकाने ते ओळखलं, त्याला जेवू घातलं आणि थांबले. तुमच्या निरीक्षकाने हे करायला हवं होतं, आणि वेडामुळे त्याला ते जमत नाही, अशी जागा कादंबरीत आली तर तिचा उपयोग करा.

आता तुमच्या खर्ड्याकडे येते. भिंत काढून टाका. फोटो आणि दोऱ्यांची भिंत पडद्यावर इतकी येऊन गेली आहे की वाचक ती वाचत नाही, ओळखतो आणि पुढे जातो. आणि नाशिक ग्रामीणच्या अधिकाऱ्याचं वेड भिंतीवर मावणारही नाही, कारण त्याच्या वाटेतला सगळ्यात मोठा अडथळा खुनी नसून खातं आहे. तो अडथळा तुम्ही वापरलेलाच नाही.

कसा ते पाहा. महामार्गावर रात्री एक पोरगा डोकं फुटून मेलेला सापडला तर पहिली शंका अपघाताचीच येते. एखाद्या ट्रकचं चाक गेलं असेल. अकस्मात मृत्यूची नोंद होते किंवा अज्ञात वाहनावर गुन्हा दाखल होतो. दुसरा सापडतो तो वीस किलोमीटरवर, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिसरा धुळे जिल्ह्यात. चौथ्याचं घर उत्तर प्रदेशात, मृतदेह न्यायला येणाऱ्या भावाला मराठी येत नाही, मालकाने पाच-दहा हजार हातावर ठेवलेत आणि त्याला लवकर निघायचंय. चार कागद चार ठिकाणी. ते एकत्र वाचणारा पहिला माणूस म्हणजे तुमचा निरीक्षक. त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, आणि तो बरोबर असतो! वेडाची सुरुवात इथे होऊ द्या. एकदा एकटं पडूनही बरोबर ठरलेला माणूस पुढच्या वेळी एकटं पडलं की त्यालाच पुरावा समजू लागतो. ‘सगळे नाही म्हणताहेत, म्हणजे माझंच खरं.’ हे वळण तुम्हाला कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच मिळालं तर पुढचं सगळं त्यावर उभं राहील.

मग खुनाची नोंद होते, तपास सुरू होतो, काही हाती लागत नाही, आणि एक दिवस ‘ए समरी’ची भाषा सुरू होते. म्हणजे गुन्हा खरा, पण उलगडा झाला नाही, फाईल बंद. वरून बदलीचे दिवस आलेले. ठाण्यातली नेमणूक साधारण २ वर्षांची असते, आणि गणपतीचा बंदोबस्त, निवडणूक, मोर्चे यांत त्यातले कितीतरी महिने जातात. अशा अधिकाऱ्याचं वेड कसं दिसेल? तो सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून घरी नेईल. केस डायरी, पंचनामे, पोस्टमॉर्टेमचे रिपोर्ट. ते नेणं नियमाबाहेर आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. दिवाणाखालची ती झेरॉक्सची पिशवी भिंतीवरच्या दोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त बोलते, कारण त्यात त्याने पहिल्यांदा एक रेष ओलांडलेली आहे, आणि ती ओलांडताना त्याच्याबरोबर आणखी एक माणूस होता.

तो माणूस म्हणजे त्याचा रायटर. तुमच्या खर्ड्यात रायटर हवालदार एका ओळीत येऊन जातो, ही मला सगळ्यात मोठी राहून गेलेली जागा वाटते. साहेबांचे कागद लिहिणारा, डायरी पूर्ण ठेवणारा, झेरॉक्सच्या दुकानात जाणारा हाच. साहेब कुठे थांबले, काय बोलले आणि कागदावर काय आलं, यातलं अंतर जगात फक्त त्याला माहीत असतं. निरीक्षकाला आपलं वेड दिसणार नाही, दिसलं तर ते वेड कसलं. पण रायटरला दिसेल, आणि त्याची नोकरी साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून असल्यामुळे तो बोलणार नाही.

एक प्रसंग लिहून दाखवते. तुमच्या नवव्या प्रकरणात निरीक्षक ढाब्यावर पाळत ठेवतो, तिथे टाकता येईल.

रात्रीचे सव्वादोन. क्लीनर पोरगा केबिनमध्ये झोपायला वर चढत होता.
“आत उकडत नाही का रे?” निरीक्षकाने चहाचा ग्लास खाली ठेवत विचारलं.
“उकडतं साहेब. पण उस्ताद बोलला, बाहेर नको झोपू. इकडे मर्डर होतात.”
“टाक की खाली सतरंजी. मी आहे इथं.”
पोराने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बाजूच्या हवालदाराकडे. मग हसला, सतरंजी काढली, मागच्या चाकापाशी अंथरली आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. निरीक्षकाने जीप ढाब्यापासून दूर, बाभळीच्या आड नेऊन लावली आणि दिवे बंद केले. पहाटेपर्यंत कुणी आलं नाही. सकाळी रायटरने डायरीत लिहिलं: रात्रगस्त केली, संशयास्पद काही मिळून आले नाही.

यात दारू नाही, आरडाओरडा नाही, रक्त नाही. त्या रात्री काही घडतही नाही. पण वाचकाला इथून पुढे या माणसाबरोबर एकटं राहावंसं वाटणार नाही. त्याने एका पोराला आमिष म्हणून वापरलं, त्याला विचारलं नाही, आणि वापरताना त्याच्याशी प्रेमाने बोलला. पुढच्या वेळी असाच प्रसंग येईल तेव्हा त्याने पोराशी दोन शब्दही बोलू नयेत. त्याच्या पुढच्या वेळी जीप थोडी जास्त लांब उभी असावी. तीन पायऱ्या पुरतात, चौथ्या वेळी काय होणार हे वाचक स्वतःच ओळखतो आणि होऊ नये म्हणून धडपडतो.

कायद्याची बाजूही तुमच्या फायद्याची आहे. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात ग्राह्य धरत नाहीत. आधी पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून मेमोरंडम पंचनाम्याला, म्हणजे आरोपीचं ते सांगणं पंचांसमोर लिहून घेतलेल्या कागदाला, एवढं महत्त्व. आता विचार करा, ज्याची खात्री झालीये पण हातात काही नाही, त्या अधिकाऱ्याला सगळ्यात मोठा मोह कुठे होईल? पंचनाम्यात. हत्यार ‘काढून देण्यात’. ठरलेले पंच बोलावण्यात. आणि माणूस खरोखरच खुनी असेल तर हा मोह आणखी भयंकर, कारण उलटतपासणीत पंच फुटला की खरा खुनी निर्दोष सुटतो, निरीक्षकाच्याच सहीने. माणूस खुनी नसेल तर काय होतं, त्याचं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात बायका-मुलींचे खून होत राहिले, पोलिसांवर प्रचंड दडपण. त्यातल्या एका खुनासाठी १९८९ मध्ये एका तरुणाला दोषी ठरवलं गेलं. जबरदस्तीने कबुली घेतली असं तो सांगत राहिला. २० वर्षं तुरुंगात काढल्यावर तो सुटला. २०१९ मध्ये डीएनएवरून खरा खुनी कळला, तो दुसऱ्याच खुनासाठी आधीपासून जन्मठेप भोगत होता. त्याने तोही खून कबूल केला, आणि त्या निरपराध माणसाला २०२० च्या डिसेंबरात कोर्टाने निर्दोष ठरवलं. हे वाचल्यापासून, कादंबरीत पट्ट्याने कबुली घेणारा अधिकारी नायक म्हणून रंगवलेला दिसला की मी समासात प्रश्नचिन्ह काढते.

भाषेबद्दल एक सूचना. निरीक्षकाचं वेड त्याच्या वाक्यांच्या शेवटात वाढवा. सुरुवातीला तो खुन्याबद्दल ‘असावा’, ‘गेला असेल’, ‘बहुतेक’ असं बोलेल. मधल्या भागात ‘तो असंच करतो’. शेवटाकडे ‘त्याला हे आवडणार नाही’. वाचकाच्या लक्षात न येता शंका गळत जाईल. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी निरीक्षकाच्या डोक्याला चिकटून ठेवा, म्हणजे निवेदनातूनही शंका तशीच गळेल, आणि जिथे तो चुकतोय तिथे वाचकही त्याच्यासोबत चुकेल.

बायकोला माहेरी पाठवू नका. ती गेली की घरातला साक्षीदार गेला. पोलीस लाईनीत राहणारी बाई नवरा विचित्र वागतो म्हणून सहजासहजी घर सोडत नाही. पोरांची शाळा असते, शेजारी सगळं खातंच राहतं, आणि सासूला काय सांगायचं हा प्रश्न असतो. ती सांभाळून घेते. एसपी ऑफिसातून फोन आला तर ‘साहेब आंघोळीला गेलेत’ म्हणते. मुलाच्या शाळेत ‘बंदोबस्त आहे’ म्हणते. हळूहळू ती त्याच्यासाठी सराईतपणे खोटं बोलायला लागते, आणि एक दिवस त्यालाच तितक्याच सहजपणे खोटं सांगते. हे मला माहेरच्या बॅगेपेक्षा जास्त अस्वस्थ करतं.

मेलेल्या पोरांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. तुमच्या दीडशे पानांत त्यांची नावं मला दोनच सापडली. बाकी ‘पहिला बळी’, ‘तिसरा बळी’. हे नकळत झालं असेल तर दुरुस्त करा. त्यातून एक गोष्ट मात्र ठेवण्यासारखी आहे: निरीक्षक नावं विसरत जातो. सुरुवातीला त्याला प्रत्येक पोराचं नाव, गाव, खिशात सापडलेल्या वस्तू तोंडपाठ असतात. तो त्यांच्यासाठीच झगडत असतो. नंतर त्यांची जागा फक्त खुनी घेतो. एखाद्या पोराचा बाप महिन्यांनी ठाण्यात येतो, मुलाचा मोबाईल मुद्देमालातून परत मागायला, आणि निरीक्षकाला तो नक्की कुणाचा बाप हे आठवत नाही. पण हे दिसायचं तर वाचकाला नाव आठवलं पाहिजे. म्हणून लेखिका म्हणून तुम्ही एकालाही विसरू नका. प्रत्येकाला किमान अर्धं पान जिवंतपणी द्या: कोण कुठल्या गाडीवर होता, उस्ताद कसा होता, गाडी धुताना काय गुणगुणायचा.

खुन्याची प्रकरणं कमी करा. सध्या दर तिसरं प्रकरण त्याचं आहे, आणि त्यात तो निरीक्षकाबद्दल विचार करताना दिसतो. त्यामुळे निरीक्षकाचं वेड खरं ठरतं, दोघांमध्ये खरंच काही नातं आहे असं होतं. ते नातं एकतर्फीच असू द्या. खुनी ठाण्यासमोरून रोज जात असेल, निरीक्षकाचा चेहरा त्याला माहीतही नसेल.

सारांश सांगायचा तर सुधारणेचा क्रम मी असा ठेवीन. आधी दोन पानं, मनातला खुनी आणि खरा खुनी. मग वेडापोटी निरीक्षक घेतो ते चार-पाच निर्णय, आणि प्रत्येकापुढे त्याची किंमत कुणी मोजली त्याचं नाव. मग रायटर. बाकी दारू, जागरण, भिंत हे सगळं त्यानंतर उरलंच तर बघा, बहुतेक त्याची गरज उरणार नाही.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंय की निरीक्षकाने खुन्याच्या हातून मरावं का. हे तुमच्या सुरुवातीवर अवलंबून आहे. मी सांगितलं तसं रचलंत तर मरण ही त्याची सुटका होईल, आणि ती त्याला मिळू नये असं मला वाटतं. खुनी सापडावा तो शिरपूरच्या पुढे, राज्याच्या सीमेवरच्या नाकाबंदीत, लायसन्स नाही म्हणून, एका होमगार्डमुळे. त्या रात्री तुमचा निरीक्षक दीडशे किलोमीटर मागे बाभळीच्या आड जीप लावून बसलेला असेल आणि ढाब्यावर सतरंजी अंथरलेली असेल. पुढे खात्याची चौकशी लागेल, आणि त्यात रायटरचा जबाब घेतला जाईल. मी तुमच्या जागी असते तर शेवटचं प्रकरण त्या जबाबाचंच लिहिलं असतं, पोलिसी भाषेत, ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’ असं सुरू होणारं. लिहून झालं की पाठवा, मला वाचायला आवडेल.